सालंगीचा दगड

मी तेहतीस वर्षं तलाठी होतो.
फेरफार लिहिले, वारस चढवले,
मेल्या माणसांवर कंस काढले.
एवढ्या वर्षांत एक ढेकूळही
माझ्या सहीनं जन्माला आलं नाही.

चिचटोल्याचा तलाव कुणी खोदला
हे दप्तरात नाही.
दप्तरात त्याचा गट नंबर आहे,
आणि मालकाच्या रकान्यात 'शासन',
जे मीच एकदा नव्या उताऱ्यावर उतरवलं
चहा गार व्हायच्या आत.

पाळीच्या उत्तर टोकाला सालंग.
जास्तीचं पाणी तिथून ओढ्याला जातं.
तोंडाशी गुडघाभर काळा दगड,
त्यावर कुणीतरी, कधीतरी कोरलेली आडवी रेघ.
चैतराम पुस्तोडे, आमचा पाणकर, म्हणायचा,
"पानी रेघेवर आलं का सोडाचं, बापा.
कायले ते इचारू नोको."
मी विचारायचो.
त्यालाही माहीत नव्हतं.

मग योजना आली.
साहेब तरुण, भला माणूस. हे सांगायलाच हवं.
पँट दुमडून चिखलात उतरला,
पळसाच्या पत्रावळीवर आमच्यासोबत जेवला.
त्याच्या लॅपटॉपात तलाव निळा होता,
आमच्या तलावापेक्षा देखणा.
सालंग दीड हात उचलली की
इतके घनमीटर, इतके हेक्टर, इतकी कुटुंबं.
"ही रेघ कशासाठी?" त्यानं विचारलं.
कुणाला सांगता आलं नाही.
सांगता आलं नाही म्हणून
ती कशासाठीच नाही, असं ठरलं.

दुसऱ्या वर्षी पूस उलटला तरी काठ उघडा पडेना.
ढिवरांच्या बाया गाळात लाखोळी फेकायच्या,
त्या बियाणं पदरात घेऊन पाळीवर बसल्या.
आणि मृगात ओढ्यातून चढणारे दाडक, शिंगूर
सिमेंटच्या भिंतीला थडकून
खालीच राहिले.
कदाचित ती रेघ माशाची उडी होती.
कदाचित नसेलही.

मग मासे नाहीत म्हणून बीज सोडायची योजना.
त्या माशांनी तळातली चिला खाल्ली,
म्हणून चिला लावायची योजना.
प्रत्येकीचा वेगळा फलक, वेगळं उद्घाटन,
नारळ मात्र एकाच दुकानातले.

हे सगळं मी टोल्यावर सांगत होतो,
जरा ऐटीतच, जुन्या माणसांच्या शहाणपणाबद्दल.
फुलवंता खोब्रागडे सुपातले खडे वेचत होती.
मान वर न करता म्हणाली,
"तुमच्या रेघेचं पानी आमच्या बांधीत
साऱ्याइच्या मागून येत होतं, तलाठीबाबू.
थे कोनत्या दगडावर लिवलं होतं?"

मी गप्प.
पाळीची यादी चैतरामच्या आज्याची,
आणि त्या यादीला मीही रीत म्हणत आलो होतो.
बऱ्याच वेळानं मी म्हणालो,
मग कायद्यानं दिला ना हक्क.
"देल्ला?" तिनं सूप खाली ठेवलं.
"कायद्यानं आडवा हात बाजूला केला, बस.
हक आमच्याजवरच होता,
तहान असते तसा.
तहान का सरकार देते?"

त्या रात्री मी अर्ज लिहायला बसलो.
जन्मभर दुसऱ्यांचे लिहिले,
हा पहिलाच माझा.
छापील नमुन्यात सगळं होतं:
काय हवं, किती हवं, कोणत्या शीर्षाखाली.
'एवढं तुमचं, याच्यापुढे थांबा'
हे मागायला रकाना नव्हता.
समासात लिहिलं.
समासातलं कुणी वाचत नाही,
हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक?

काळा दगड आता पंपघराशी उताणा पडलाय.
संध्याकाळी मी त्यावर बसतो,
रेघ मांडीला टोचते.
पलीकडे ओढ्यात एखादा शिंगूर
भिंतीवर अंग फेकतो, पडतो,
पुन्हा फेकतो.
मी मोजत बसतो, सवयीनं.
नऊ. दहा. अकरा.
नोंद कुठे करायची, ते कळत नाही.